सात दिवसांचा कोर्स

११ मार्च २०२४, सोमवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. डॉक्टरांनी माझ्या पत्नीला विचारले, "गेल्या महिन्याभरात एखादं अँटिबायोटिक घेतलं होतं का, काकू?"

पत्नी म्हणाली, "नाही."

मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. फाइल माझ्या मांडीवर होती. उत्तर खरे नव्हते, हे त्या खोलीत दोघांना ठाऊक होते. मी बोललो नाही.

आधी काय घडले होते ते सांगतो. पत्नीच्या उजव्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ असल्याचे जानेवारीत निष्पन्न झाले. तिने आयुष्यात कधी धूम्रपान केले नाही, मीही नाही. भेटायला आलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट आम्हाला आश्चर्याने सांगितली, जणू ती आम्हाला ठाऊक नव्हती. ती एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवत होती. खडूच्या धुळीने झाले असेल का, असे तिने विचारले. डॉक्टर नाही म्हणाल्या. त्यानंतर तिने कारण विचारले नाही. गाठ श्वासनलिकेला लागून होती. शस्त्रक्रिया करण्यासारखी नव्हती. तपासण्यांचे निष्कर्ष पाहून इम्युनोथेरपी ठरली. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध द्यायचे. पहिला डोस बुधवारी, १३ मार्चला.

मी आवडी या गावातल्या संरक्षण कारखान्यात चौतीस वर्षे तपासणी विभागात काम केले. कोणताही सुटा भाग चाचणीला पाठवण्यापूर्वी स्वच्छ करायचा, अशी आमच्याकडे शिस्त होती. तेल, गंज, लोखंडाचा कीस, काहीही राहता कामा नये. भाग अस्वच्छ असेल तर माप खोटे येते. या शिस्तीपायी मी अनेकांची मने दुखावली आणि मला त्याचा खेद नाही.

फेब्रुवारीत पुढच्या तपासणीसाठी छातीतून सुईने गाठीचा तुकडा काढल्यानंतर पत्नीचा खोकला वाढला. कफ पिवळा झाला. ताप नव्हता. छातीत संसर्ग राहिला तर उपचार लांबणीवर पडेल, असे माझ्या मनात आले. तिला स्वच्छ करून पाठवावे, असे मी ठरवले. शब्द तेच होते. मी ते बदलून सांगत नाही.

तीन वर्षांपूर्वी मला स्वतःला छातीचा संसर्ग झाला होता. त्या वेळची डॉक्टरांची चिठ्ठी माझ्याकडे होती. घडीवर कागद फाटू लागला म्हणून मी ती लॅमिनेट करून घेतली होती. कोपऱ्यावरचा औषधवाला मला ओळखतो. त्याने चिठ्ठीवरची तारीख पाहिली नाही. चौदा कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ एक. २० फेब्रुवारीला सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी पत्नीला जुलाब लागले. ती म्हणाली, बंद करू या. मी म्हणालो, कोर्स अर्धा सोडायचा नसतो. वाक्य बरोबर होते. ते तिला सांगण्याचा अधिकार मला नव्हता. तिने २६ तारखेला चौदावी कॅप्सूल घेतली. खोकला होता तसाच राहिला. चिठ्ठी माझ्या नावाची असल्यामुळे तिच्या फाइलमध्ये मी काही लिहिले नाही.

हे सारे त्या "नाही"च्या मागे होते.

डॉक्टर तरुण आहेत, महाराष्ट्रातून आलेल्या. पहिल्या भेटीत आमचे बोलणे ऐकून त्या थबकल्या होत्या. आम्ही तंजावरकडचे. घरी बोलतो ती मराठी जुनी आहे, तिच्यात तमिळ मुरलेले आहे. त्या म्हणाल्या होत्या, "काका, तुमची मराठी ताम्रपटातली वाटते." मी म्हणालो होतो, "आमचे पूर्वज इकडे आले तेव्हा ती नवी होती." त्यानंतर त्या आमच्याशी मराठीतच बोलतात, आणि पत्नीला ते आवडते.

"नाही ना? छान," डॉक्टर म्हणाल्या आणि संगणकावर तशी नोंद केली. "का विचारलं ते सांगते. हे औषध गाठीवर थेट मारा करत नाही. आपल्या अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. गाठ त्यांना ब्रेक लावून ठेवते. औषध तो ब्रेक काढतं. पण पेशी मुळात तयार हव्यात. त्यांची तयारी बरीचशी आतड्यात होते. तिथे जे असंख्य जंतू राहतात, ते या पेशींना रोज शिकवत असतात. कोण आपला, कोण परका."

"म्हणजे शाळाच की," पत्नी म्हणाली.

"शाळाच, काकू."

"आणि अँटिबायोटिक घेतलं तर?"

"काही मास्तर घरी जातात. कोणते गेले ते बाहेरून कळत नाही. काही परत येतात, काहींना महिने लागतात. ज्यांनी या औषधाच्या थोडं आधी अँटिबायोटिक घेतलं, त्यांच्यात औषध कमी लागू पडलेलं बऱ्याच ठिकाणी दिसलंय."

पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही. मी विचारले, "ते अँटिबायोटिकमुळेच, हे सिद्ध झाले आहे?"

"चांगला प्रश्न आहे, काका. नाही. ज्यांना अँटिबायोटिक लागलं ते मुळातच जास्त आजारी असतील, असंही असू शकतं. म्हणून तर आम्ही अभ्यास करतोय. काकूंची तयारी असेल तर पहिल्या डोसच्या आधी शौचाचा एक नमुना आणि चूळ भरलेलं पाणी, एवढंच हवंय."

"चूळ कशाला?" पत्नीने विचारले.

"फुप्फुसात जंतू नसतातच, असं पूर्वी शिकवायचे. आता कळलंय की असतात. थोडे, बहुतेक तोंडातून खाली उतरलेले. गाठीच्या आसपास त्यांची वस्ती वेगळी दिसते. गाठीमुळे ते तिथे जमले, की त्यांच्यामुळे गाठीला जोर आला, हे अजून कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

पत्नीने होकार दिला. डॉक्टरांनी एक खोका आणि चार पानांचा फॉर्म दिला. आम्ही बाहेर आलो तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती.

आमच्या घरात फॉर्म मी भरतो. बाकावर बसून मी पहिली दोन पाने भरली. तिसऱ्या पानावर प्रश्न होता: गेल्या तीन महिन्यांत घेतलेली प्रतिजैविके; नाव, प्रमाण, पहिली व शेवटची तारीख. मी पेनचे टोपण लावले.

पत्नी म्हणाली, "लिहा की. नाही म्हणून लिहा."

"तू आत खोटे का सांगितलेस?"

"तुमचं तोंड बघून. तुमची चूक चारचौघांत कोणी काढली की तुम्ही आठ दिवस जेवताना बोलत नाही. मला आता आठ दिवस फुकट घालवायचे नाहीत."

"खोलीत चारचौघे नव्हते."

"डॉक्टर होत्या. तेवढं पुरे तुम्हाला." तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत मी तिच्यासमोर पाण्याची बाटली धरली. मग ती हळू म्हणाली, "आणि त्यांनी पुढे ढकललं तर? तिसऱ्या पायरीला थांबावं लागतं मला. आमटी ढवळताना दम लागतो. बुधवार हवा मला. आत नाही म्हटलं ना, मग नाहीच लिहून टाका. फॉर्म आणि तोंड जुळायला हवं, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

मी ते सांगतो. कारखान्यातही सांगत असे. परंतु कागद आणि बोलणे जुळले म्हणजे भाग बरोबर असतो, असे मी कधी म्हटले नव्हते. एखाद्या खात्याने नोंद न करता भाग दुरुस्त करून पाठवला, तर मी संपूर्ण लॉट परत करत असे. दुरुस्ती वाईट असते म्हणून नव्हे. पुढे तो भाग तुटला तर कारण शोधणारा माणूस चुकीच्या जागी शोधतो, म्हणून.

मी तिला तेवढेच म्हणालो, "औषध लागू पडले नाही तर त्या कारण शोधतील. चुकीच्या जागी शोधतील. आणि औषध बदलतील."

तिने माझ्या हातातला फॉर्म घेऊन तिसरे पान वाचले. मग म्हणाली, "सेरी, ठीक आहे. जा. पण एक करा. गोळ्या तुम्ही दिल्या ते सांगा. मी खोटं बोलले ते सांगू नका."

"ते त्यांना आपोआप कळेल."

"कळू द्या. तुमच्या तोंडून नको. एकतीस वर्षं मुलींना उठाबशा काढायला लावल्यात मी खोटं बोलल्याबद्दल."

डॉक्टरांकडे दुसरे रुग्ण सुरू झाले होते. दारावरच्या बाईंनी थांबायला सांगितले. मी थांबलो. एक वाजायला दहा मिनिटे असताना मला आत घेतले. पत्नी बाकावरच राहिली.

मी उभ्यानेच सांगितले, "मघाच्या एका उत्तरात दुरुस्ती आहे. पत्नीला २० ते २६ फेब्रुवारी अँटिबायोटिक दिले गेले. मी दिले. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय."

डॉक्टरांनी हातातले पेन खाली ठेवले. "बसा, काका. कोणतं?"

मी पाकिटातून लॅमिनेट केलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"ही तुमच्या नावाची आहे."

"होय."

"तीन वर्षांपूर्वीची."

"होय."

"आणि तुम्ही ती प्लॅस्टिकमध्ये घालून घेतलीत. म्हणजे आयुष्यभर चालेल."

त्यांनी जुलाबांबद्दल विचारले. तिसऱ्या दिवसापासून सहाव्या दिवसापर्यंत, दिवसातून चार-पाच वेळा, असे मी सांगितले. गोळ्यांपूर्वी ताप होता का? नव्हता. कफाची तपासणी केली होती का? नव्हती. कोर्स पूर्ण केला का?

"पूर्ण केला," मी म्हणालो. "मी करायला लावला."

"काकू नको म्हणत होत्या?"

"तिसऱ्या दिवशी म्हणाली."

"या वेळी काकूंचं ऐकायला हवं होतं."

"होय."

एवढेच शब्द त्यांनी मला सुनावले. मला अधिक अपेक्षित होते. त्या म्हणाल्या, "आता दोन प्रश्न आहेत. एक, बुधवारी सुरू करायचं की थांबायचं. दुसरा, थांबून काही परत मिळेल का. मी एकटी ठरवत नाही. आमच्या वरिष्ठांशी बोलते. तीन वाजता या."

मी विचारले, "माझ्या या कृतीने तिचे नुकसान झाले आहे का?"

"माहीत नाही, काका. खरंच माहीत नाही. तुमच्या समाधानासाठी नाही म्हणणार नाही आणि शिक्षा म्हणून हो म्हणणार नाही."

त्या उत्तराबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटला. मी चौतीस वर्षे असेच उत्तर देण्याचा प्रयत्न केला. अशा उत्तराच्या दुसऱ्या बाजूला बसण्याची वेळ मात्र माझ्यावर प्रथमच आली.

तीन वाजेपर्यंत आम्ही कँटीनमध्ये बसलो. पत्नीने दहीभात मागवला आणि अर्धा खाल्ला. मी इडली खाल्ली. ओरगडमच्या मोटार कारखान्यातून मुलाचा फोन आला; शिफ्ट बदलून येऊ का, असे त्याने विचारले. मी म्हणालो, आवश्यकता नाही. पत्नीने फोन काढून घेतला आणि त्याला म्हणाली, "अप्पा आज डॉक्टरांसमोर स्वतःहून चुकलो म्हणाले. तारीख लिहून ठेव." मुलगा पलीकडे काय बोलला ते मला ऐकू आले नाही. ती हसली, हसण्यातून खोकली, आणि खोकल्यानंतर पुन्हा हसली. बाजूच्या टेबलावरचे लोक वळून पाहू लागले. मी तिला हसण्यापासून थांबवले नाही.

तीन वाजता डॉक्टरांनी दोघांनाही आत बोलावले.

"बुधवारी सुरू करतोय," त्या म्हणाल्या. "गाठ श्वासनलिकेजवळ आहे. आणखी तीन-चार आठवडे थांबलं तर आतड्यातले जंतू पूर्ववत होतील, याची खात्री नाही. तेवढ्यात गाठ वाढेल, याची जवळजवळ खात्री आहे. पण आता आम्हाला माहिती आहे. पुढच्या स्कॅनमध्ये काही वेगळं दिसलं तर कुठून विचार सुरू करायचा ते कळेल. तुम्ही सांगितलं नसतं तर औषधच निकामी आहे असं समजून ते बंद केलं असतं कदाचित."

पत्नी म्हणाली, "जंतू लवकर परत यावेत म्हणून काही खायचं का? दही? रात्री पाण्यात घातलेला भात? लहानपणी रोज सकाळी तेच खायचो आम्ही."

"घरात नेहमी खाता तेवढं ताजं दही खा. डाळी, भाज्या, फळं भरपूर खा. रात्रभर पाण्यात ठेवलेला भात सध्या नको. आणि दुकानातल्या जंतूंच्या कॅप्सूल, प्रोबायोटिक म्हणतात त्या, तर अजिबात नकोत. काका, तुम्हाला सांगतेय. जाहिरात बघून आणाल."

"आणणार नाही."

"ताप, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ, काहीही झालं तरी आधी आम्हाला फोन. जुलाब तर जास्तच. या औषधाने आतड्याला सूज येऊ शकते. ती तुमच्या गोळ्यांनी बरी होत नाही, उलट तासागणिक बिघडते."

मी फाइलच्या पहिल्या पानावर फोन क्रमांक लिहून घेतला आणि तो त्यांना वाचून दाखवला. मग मी विचारले, "आता तिचा नमुना तुमच्या अभ्यासातून बाद होईल?"

"उलट, हवाच आहे. असे नमुने लोक आणूनच देत नाहीत. सगळे नाही म्हणतात." त्या पत्नीकडे पाहत होत्या. पत्नी टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहत होती. "फक्त फॉर्म खरा भरा. उद्या सकाळी नमुना घ्या, बर्फात ठेवा आणि चार तासांच्या आत इथे पोहोचवा."

मी चिठ्ठी उचलण्यासाठी हात पुढे केला. त्यांनी ती ड्रॉवरमध्ये टाकली.

"ती माझ्या नावाची आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाल्या.

पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही घरी पोहोचलो. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर पत्नी दारापर्यंत न थांबता चालली. मी फॉर्मचे तिसरे पान भरले. औषधाचे नाव, प्रमाण, दोन्ही तारखा. 'कोणाच्या सल्ल्याने' या ओळीत 'पतीच्या' असे लिहिले आणि खाली सही केली.

मग खोका उघडला. त्यात दोन बाटल्या, हातमोजे आणि थंड ठेवण्यासाठी जेलची दोन पाकिटे होती. पाकिटे रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावीत, अशी सूचना होती. मी फ्रीजकडे गेलो. पत्नी खुर्चीतून उठून आडवी उभी राहिली.

"माझ्या फ्रीजमध्ये नाही."

"पाकिटे कोरी आहेत. सीलबंद आहेत."

"कशाला टेकायची आहेत ते मला ठाऊक आहे. वरच्या फळीवर देवाचं लोणी आहे."

"टेकण्याआधी बाहेर काढणार. परत आणणार नाही. ती रुग्णालयातच राहतील."

"मनाला काय सांगू? सकाळपासून तुमच्याबरोबर सगळं ऐकलं. आतड्यातले मास्तर, तोंडातले जंतू, सगळे आपलेच, मान्य. लोण्याशेजारी नाही."

हे सोवळे तिच्या आईच्या घरून आलेले आहे आणि गेल्या पन्नास वर्षांत मी त्यात हात घातलेला नाही. त्या सायंकाळी घालण्याचे कारण नव्हते. एका महिन्यात मी तिच्या शरीरावर एकदा हुकूम चालवून पाहिला होता. मी चपला घातल्या.

घराजवळ बर्फ मिळण्याचे एकच ठिकाण आहे, ते म्हणजे मासळीचे दुकान. मी त्या रस्त्याने रोज जातो. आम्ही शाकाहारी, त्यामुळे दुकानासमोर कधी थांबलो नव्हतो. विकणाऱ्या बाईने मला पाहून सुरी थांबवली आणि तमिळमध्ये मोठ्याने म्हणाली, "सामी, वाट चुकलात काय? की आजपासून सुरुवात? सुरमई ताजी आहे!"

गिऱ्हाइके हसली. मी म्हणालो, "बर्फ हवा आहे. आणि एक कोरा थर्मोकोलचा डबा."

"नुसता बर्फ? मासा घरी पोहणारा आहे का?"

"पत्नीला फुप्फुसाचा कर्करोग आहे. उद्या सकाळी तपासणीचा नमुना रुग्णालयात न्यायचा आहे. बर्फ सकाळपर्यंत टिकला पाहिजे."

बाईने सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि ती आत गेली. मासळीच्या ढिगावरचा बर्फ तिने दिला नाही. मागच्या बाजूला भुशात ठेवलेली अखंड लादी काढली, धुतली, फोडली, डब्यात घातली आणि तुकड्यांच्या मधल्या फटी वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी बुजवल्या. "झाकण सारखं उघडून बघू नका," ती म्हणाली. "पुरुषांना ती खोड असते. सकाळी कमी वाटला तर सहाला मी असते इथे."

मी परतलो तेव्हा पत्नी दारातच होती. तिने डब्याचा वास घेतला.

"मासेवालीचा बर्फ आणलात? घरात?"

"घरात नाही. गॅलरीत ठेवणार आहे."

ती बाजूला झाली. मी डबा गॅलरीत नेला. ती मागून आली, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"औषध लागेल का हो?" तिने विचारले.

"माहीत नाही. बुधवारी सुरू होईल."

"तुम्ही सांगितलं नसतं तरी बुधवारीच झालं असतं."

"होय."

"मग फरक काय पडला?"

"आता जे होईल त्याचे कारण त्यांना सापडेल."

ती म्हणाली, "गणितात याला पायऱ्या दाखवणं म्हणतात. उत्तर चुकलं तरी निम्मे गुण." मग आत जाऊन तिने स्वतःच दिवा लावला. मी डबा भिंतीच्या सावलीच्या बाजूला सरकवला, त्याखाली दोन विटा ठेवल्या, वर गोणपाट टाकले, झाकणाच्या चारही कडांना चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर वेळ लिहिली: सायंकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे.